तीनशे किलोमीटरला विमान कशाला म्हणे!

सकाळी सकाळी ग्रुपवर एका पुण्याच्या मित्राने टाकलं, 'सोलापूर-गोवा जेमतेम तीनशे किलोमीटर, त्याला विमान कशाला, नुसती हौस!' आणि खाली सगळ्यांचे हसणारे इमोजी. डोकंच फिरलं. लोहगावच्या विमानतळावर रिक्षाने जाणाऱ्याने आमची हौस काढायची?

अरे ते तीनशे किलोमीटर हवेतले, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले. रस्त्याने सांगोला-मिरज-कोल्हापूर करत जा नाहीतर विजापूर-बेळगावकडून, शेवटी सह्याद्री उतरायचाच आहे, आंबोलीतून उतर नाहीतर चोर्ल्यातून, आणि पावसाळ्यात धुक्यात ट्रकच्या मागे रांगत गेलास की मग सांग तीनशे म्हणजे किती ते. एटीआर, म्हणजे आमच्याकडं येतं ते पंख्याचं छोटं विमान, ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्याला ना घाट ना टोलनाका, तासाभरात मोपा, उत्तर गोव्यातला विमानतळ.

माझी ताई सावंतवाडीला दिलेली. मोपाला उतरलं की बांदा, पुढं सावंतवाडी, जवळच. आईचे गुडघे गेले तसं तिचं लेकीकडं जाणंच बंद झालेलं, रात्रभर पाय लोंबकळत बसायचं म्हटलं की "नको रे, व्हिडिओ कॉल लाव." ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून मागं लागलो होतो, शेवटी नेलंच. पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. तपासणीवाल्या पोरीने चटणीचा पुडा उचलून विचारलं हे काय, तर आई म्हणते "खाऊन बघ की!" मागच्या दाराची बुटकी शिडी, कठडा धरून स्वतःची स्वतः चढली.

तिकीट महाग पडतं, विमान रोज नसतं, मान्य. पुढं.

या एका तासासाठी गावाने काय काय बघितलंय तुम्हाला वेगळं सांगायला नको. १५ जून २०२३ ला विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, एकाच घरात दोन पार्ट्या झाल्या, सभासदांचं वाईट मलाही वाटलं. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्यानंतरही आठ महिने आकाशात घारीच! आणि हा म्हणतो हौस.

विमानाचा वेळ म्हणजे नुसता हवेतला नसतो ओ. आधी विमान पकडायला आम्ही पुण्याला नाहीतर हैदराबादला जायचो, म्हणजे उडायच्या आधीच अर्धा दिवस खलास. आता गावातलाच होटगी रोडचा विमानतळ, घरचा चहा पिऊन निघालं की पोचलं. म्हणून गावाबाहेर बोरामणीला नवा विमानतळ हवा, असं बोरामणी बोरामणी करणाऱ्यांना पण माझा हात जोडून नमस्कार, मोठी विमानं उतरवायला जागा तिकडंच आहे हे खरं, पण गावातलं आहे ते आधी नीट रोज चालवा की.

मोपाला उतरून ताईला फोन केला तर म्हणते, "एवढ्यात? मी अजून साडी बदलतेय!" आई हसून हसून खुर्चीत बसली. ताई घ्यायला येईपर्यंत आईने शेजारच्या बाईला अर्धी चटणी वाटून टाकली होती.

तो मित्र तसा वाईट नाही. त्याची आई आणि बहीण एकाच सोसायटीत राहतात, त्याला काय कळणार.

असो. आई पुन्हा कधी जायचं विचारतेय, मी रोज रेट बघतोय. दिवाळीच्या आसपासचं स्वस्तातलं कुणाला दिसलं तर कळवा की ओ.