‘पैसे घेतले आणि प्रश्न दिले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत की, कादंबरीचे सुटे प्रसंग जोडून मिळतील या भरवशावर तुम्ही आमच्याकडे खर्डा दिलात आणि हाती आली ती समासातल्या प्रश्नांनी भरलेली पानं. शिवाय मेहनतीने लिहिलेला रेल्वेप्रवास काढायला सांगितला आणि तारखांची उलटतपासणी घेतली. गावच्या घरातलं दोघा भावांचं गणपतीतलं भांडण आणि दादरच्या घरातली भांड्यांची वाटणी, हे दोन प्रसंग तुम्ही स्वतःच अभिप्रायात सांगितले आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल उघडपणे बोलते. खर्ड्यातलं बाकी काहीही इथे येणार नाही.

आधी पैशांचं. खर्डा वाचणं, समासात टिपणं, एक लेखी अहवाल आणि त्यावर समोरासमोर बैठक, एवढं आमचं काम. पावतीवरही तसंच छापलेलं असतं. मधली पानं आम्ही लिहून देत नाही आणि देणारही नाही. तुमच्या कादंबरीतल्या धाकट्या भावाला कधी राग येतो आणि राग आला की तो काय करतो, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही लिहिलं असतं तर आमच्या ओळखीचा कुणीतरी त्याच्या जागी बोलायला लागला असता.

आता रेल्वे. तुमच्या गोष्टीतला गणेशोत्सव १९९२चा आहे. त्या साली रत्नागिरीहून मुंबईला रेल्वेने येता येत नव्हतं. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९०मध्ये स्थापन झालं आणि रोह्यापासून पुढचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो जानेवारी १९९८मध्ये. म्हणजे धाकटा परतला असणार तो एसटीने, कशेडी घाटातून. पण एवढंच असतं तर ‘रेल्वेच्या जागी एसटी करा’ असं लिहून मी पुढे गेले असते. खरी अडचण वेगळी आहे. त्या पानांमध्ये बोगदे आहेत, पाऊस आहे, खिडकीतला चहा आहे, आणि वर्णन सुरेख आहे. मात्र माणूस गावाहून चिडून निघतो आणि दादरला तसाच चिडलेला उतरतो. गावाहून दादरला यायला वाचकाला प्रवास लागत नाही. एक ओळ मोकळी सोडा, धाकटा आलेला असतो. वाचकाचं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी: भांडलेले भाऊ आता दादरच्या घरात भांडी वाटून घेत बसले आहेत, ते कशामुळे?

याचं उत्तर तुम्ही लिहूनच ठेवलं आहे, असं मला अजूनही वाटतं. भांडणाच्या प्रसंगात थोरला हक्कसोडपत्राचा, म्हणजे घरावरचा आपला वाटा सोडून दिल्याचा कागद पुढे करतो. धाकटा सही करत नाही, फाडतही नाही. घडी करून खिशात ठेवतो. तुमच्या खर्ड्यातली ही मला सगळ्यात आवडलेली जागा. आणि त्यानंतर तो कागद कादंबरीत कुठेच दिसत नाही! ‘कागद कुठे गेला?’ हा समासातला प्रश्न त्यासाठी होता. तो सदऱ्याबरोबर धुतला गेला का? बायकोच्या हाती लागला का, आणि तिने वाचून परत ठेवला का? हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, नुसती घरात सही करून भागत नाही. म्हणजे वाटणी झाली असेल तर त्याआधी दोघे भाऊ कधीतरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शेजारी शेजारी बसले असणार. तो प्रसंग तुम्ही लिहिलेला नाही. लिहिलाच पाहिजे असंही नाही, पण तो घडला की नाही हे तुम्हाला ठाऊक असल्याशिवाय दादरच्या घरात थोरला नजर कशी टाळतो, हे लिहिता येणार नाही.

तारखांची उलटतपासणी तुम्हाला लागली, तेही समजतं. पण गणपती १९९२चे आणि वाटणी पुढच्या मे महिन्यातली. मधल्या काळात मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली झाल्या, १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. थोरल्याचं मुंबईत दुकान आहे. त्या हिवाळ्यात ते किती दिवस बंद राहिलं, उधारी कुणाकडे अडकली, गावचं घर विकायची घाई त्याला तेव्हा झाली का? दंगलीवर प्रकरण लिहा असं मी म्हणत नाही. दुकानाच्या शटरबद्दल वहिनीने भांडी मोजताना टाकलेलं एक वाक्यही पुरेल. मग पहिल्या प्रसंगातला लोभी थोरला दुसऱ्यात घाबरलेला दिसेल, आणि दोन्ही प्रसंग एकमेकांना धरतील.

सगळ्या कादंबऱ्या सलग नसतात, प्रवास हाच धागा असू शकतो, असंही तुम्ही म्हटलं आहे. हे मला मान्य आहे. बाबा पदमनजींची १८५७ची ‘यमुनापर्यटन’ तशीच आहे. यमुना आणि तिचा नवरा फिरतात आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या समोर येतात. पण तिथे प्रत्येक मुक्कामावर विधवांच्या दुःखाचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि पुढे यमुनेवर स्वतःवरच वैधव्य येतं. प्रवासामुळे नव्हे, त्या प्रश्नामुळे कहाण्या एकत्र राहतात.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. प्रसंग सुचतील तसे, मागचे-पुढचे लिहिण्यात काहीही गैर नाही. तुमचं लेखन त्यामुळेच ताजं आहे, ती सवय मोडू नका. प्रत्येक प्रसंगाखाली फक्त दोन गोष्टी टिपा: इथून बाहेर पडताना कुणाला नवीन काय कळलं, आणि कुणाच्या हातात काय राहिलं. मग ते कागद जमिनीवर पसरून क्रम बदलून पाहा. जिथे टिपणात लिहायला काहीच सापडणार नाही, तो प्रसंग बाजूला ठेवा, फेकू नका.

तुमची अहवालावरची बैठक अजून बाकी आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे नाहीत. सोमवार सोडून कधीही दुपारी तीननंतर या, येण्याआधी फक्त एक फोन करा. दादरचा प्रसंग बरोबर आणा, आपण त्या कागदापासून सुरुवात करू.