बोर्डावर सागवान लिहायचं का?

गावाच्या वेशीवर स्वागताचा बोर्ड लावायचा आणि त्यावर नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या किनवटची ओळख एका ओळीत लिहायची, एवढंच काम होतं. मंडळानं ते गुरुजींवर सोपवलं आणि गुरुजींनी ते कट्ट्यावर आणलं. इथंच चूक झाली. स्टँडाजवळच्या टपरीवर एक ओळ ठरवायला आम्हाला तीन संध्याकाळी पुरल्या नाहीत.

शेठनं पहिल्याच घोटाला ओळ दिली : सागवानाचं गाव किनवट. त्याच्या वडिलांची आरा मशीन होती. आता त्या जागी मोटारसायकलचं शोरूम आहे, पण शेठ अजून घनफुटातच बोलतो.

"कुणाचं सागवान?" गुरुजींनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की आम्ही दुसरा चहा सांगून ठेवतो.

"कुणाचं म्हंजे? गावाचं! मराठवाड्यात दुसरीकडं जंगल हाय कुठं? बीड-लातूरला सावलीलाबी बाभूळ. सगळ्या मराठवाड्याच्या माळवदाखाली आपलंच लाकूड हाय."

'सगळ्या' ही शेठची फुशारकी, पण मुद्दा खोटा नाही. आपल्याकडं घर मोजायचं ते खणात, म्हणजे लाकडी खांबांमधल्या अंतरात. भिंती दगड-मातीच्या असल्या तरी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, तोलायचे ते खांब आणि तुळया. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंपात दगडी भिंती माणसांवर कोसळल्या, तेव्हा कैक घरांत खांब मात्र जागचे हलले नव्हते. पुढं लोकांनी माळवदाचीच धास्ती घेतली आणि स्लॅब टाकले. भिंतींच्या गुन्ह्यात लाकूडही सापडलं, असं मामू म्हणतो. मामू सुतार आहे, त्यामुळं त्याची साक्ष जरा पक्षपाती धरा.

"गावाचं कसं?" गुरुजी सोडेनात. "जंगल निजामाचं, मग सरकारचं. झाडावर हातोड्याचा छाप कुणाचा पडायचा? खात्याचा. बोली कुणाची? ठेकेदाराची. माझा बाप कूपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यात, कुऱ्हाड चालवायचा. त्याच्या घराला दार होतं तुराट्याचं."

शेठ गप्प झाला. खरं तर या दोघांची दोस्ती शाळेपासूनची. एकाच्या बापानं झाड पाडायचं, दुसऱ्याच्या बापानं चिरायचं, आणि मधल्या सुट्टीत दोघांनी मिळून सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून लाल करायचं. रक्त आलं म्हणून मास्तरांना फसवायची ही युक्ती आमच्या पिढीनंही वापरली.

"तुमच्या लोकांच्या शेतातबी साग होता की. आमी पैसे मोजूनच घ्यायचो," शेठनं पुन्हा तोंड उघडलं.

आता वकील जागा झाला. "मोजून घेत होतात, तर 1969 चा कायदा काहून करावा लागला? आदिवासीच्या मालकीचं झाड विकायचं तर परवानगी घ्या, व्यवहार कलेक्टरमार्फत करा. उगाच केला का?"

"तवा मी हाफ चड्डीत होतो, वकीलसाहेब."

"तुमी होता. मशीन चालू होती."

ह्या वाक्यावर टपरीवाल्यानंसुद्धा स्टोव्ह बारीक केला.

शेठचा खरा सल वेगळा आहे आणि तो दर चर्चेत निघतोच. "गावाचा धंदा बसला तो 96 ला. डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा तोड थांबवायचा आदेश आला, त्या गोदावर्मनच्या केसमंदी. दावा निलगिरीच्या जंगलाचा, आन कुलूप आमच्या मशिनीला."

वकिलाचं म्हणणं, सरसकट बंदी नव्हतीच. केंद्रानं मंजूर केलेला वर्किंग प्लॅन, म्हणजे जंगलाच्या कामाचा आराखडा, असेल तर तोड चालू शकत होती. शिवाय 1980 चा वन संवर्धन कायदा आधीपासून होता. म्हणजे वरात निघाल्यावर जागं व्हायचं आणि बँडवाल्याला शिव्या द्यायच्या, तशातली गत. मला दोघांचंही थोडं पटतं. पण कोर्ट आलं नसतं तरी काय झालं असतं, ते मामूनं सांगितलं.

"अरे मियाँ, सागाला नीट गाभा भरायला साठ-सत्तर वर्षं लागतात. तुमच्या मशिनीला एक दुपार. जाड घेर संपलाच होता. खाली राहिले ते खुंटाचे फुटवे. फुटव्याची फळी रंध्यावर घेऊन बघा, गाठीवर गाठ."

मग मी मधे पडलो. म्हटलं, लाकूड राहू द्या. सहस्रकुंडचा धबधबा लिहू, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे लिहू. गुरुजी म्हणाले, ते तालुक्यात आहेत, गावात नाहीत. मग माहूरच्या रेणुकामातेचं प्रवेशद्वार? माहूरचा तालुका आता वेगळा, आणि आपण काय दुसऱ्याच्या देवीचे दारवान आहोत का, हा शेठ. प्रश्न बरोबर होता. इथं आलेला माणूस बहुतेक कुठंतरी पुढं निघालेला असतो. नंदीग्राम एक्स्प्रेसमधून आदिलाबादला जाणारा खिडकीतून विचारतो, कोणतं गाव? आणि गाडी सुटते.

आदिलाबादवरून पोस्टमास्तरांना आठवलं. 1956 पर्यंत आपण त्याच जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात. मग नांदेड जिल्हा, मुंबई राज्य. 1960 ला महाराष्ट्र. "माझा आजा घर न बदलता तीन राज्यांत राहिला," ते म्हणाले. म्हणून तर इथं एका बाजारात मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली ऐकू येते. जिल्ह्याच्या कामाला मात्र शंभराच्या वर किलोमीटर जावं लागतं, आणि किनवट जिल्हा करा ही मागणी आमच्या केसांसोबत पांढरी झाली.

"मग 'सहा भाषांचं गाव' लिहा," वकील म्हणाला. वाईट नव्हती ओळ.

गुरुजींनी मान हलवली. "पाटी वाचून कुणी विचारलं, ह्या सहा भाषांची माणसं दिवाळीनंतर कुठं जातात, तर? तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. पूर्वी कुऱ्हाड होती, आता कोयता. फरक इतकाच की कुऱ्हाडीवाला रात्री घरी यायचा."

शेठनं यावर वाद घातला नाही. उलट त्यानंच विचारलं, "तुमचे वडील कोणत्या कूपात होते, गुरुजी?" इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं. गुरुजींनी ठिकाण सांगितलं. शेठ म्हणाला, तिकडचा माल आमच्याकडंच यायचा.

तेवढ्यात पेंटर आला. त्याचा भाव अक्षरावर. गुरुजींनी चष्मा लावला, खिशातल्या कागदावरच्या सगळ्या ओळी खोडल्या आणि फक्त 'किनवट' ठेवलं. पोस्टमास्तर म्हणाले, खाली तेलुगूत पण येऊ द्या. त्यावर नवा वाद सुरू झाला.

मामू पेंटरला बाजूला घेऊन विचारत होता, "बोर्ड कशाचा करायलास?"

"पत्र्याचा. लाकडाचा परवडतो का, मामू?"