खुलासा : फाटलेल्या ओठात प्लास्टिक भरत नाहीत

मंडळी, 'प्लास्टिक सर्जरीत अंगात प्लास्टिक भरतात, आपल्या विदर्भाच्या उन्हात ते वितळते, म्हणून ओठ फाटलेल्या लेकराचे ऑपरेशन करू नका' असा मेसेज फिरतो आहे. परवा मीही तो नीट न वाचता पुढे पाठवला. चूक माझी.

त्या ऑपरेशनात बाळाच्याच ओठाच्या कडा जुळवून टाके घालतात. 'प्लास्टिक' हा शब्द इथे आला तो 'आकार देणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. जर्मन सर्जन ग्रेफे यांनी नाकाच्या ऑपरेशनसाठी तो १८१८ मध्येच वापरला. बेकेलाइट, म्हणजे पहिले पूर्ण कृत्रिम प्लास्टिक, आले १९०७ मध्ये. त्याही आधी, १७९४ मध्ये, लंडनच्या एका मासिकात आपल्या पुण्याकडचे ऑपरेशन छापून आले होते. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला त्याच्याच कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले होते.

काही कॉस्मेटिक ऑपरेशनांत सिलिकॉन बसवतात, हे खरे. त्याचे धोके वेगळे, पण उन्हाने तेही वितळत नाही.

माझा उजवा हात स्टोव्हच्या भडक्यात भाजला, तेव्हा मांडीची पातळ कातडी काढून लावली होती. तो तुकडा अजून वेगळ्या रंगाचा दिसतो. हातापेक्षा मांडीच जास्त ठणकली बाप्पा! पण त्यानंतर वीस उन्हाळे वावरात काढले.

तो मेसेज डिलीट करा, जिथे पाठवला असेल तिथे हा टाका. आमच्या गल्लीतल्या एका बाईने त्याच्यापायी लेकराची तारीख रद्द केली आहे. संध्याकाळी तिच्याकडे जातो आहे.