बीएला राज्यशास्त्र घेऊ का? घ्या, पण…

बारावीचा निकाल लागला की इनबॉक्समधे दरवर्षी ठरलेला प्रश्न येतो, दादा बीएला राज्यशास्त्र घेऊ का, आणि पुढच्याच ओळीत "एमपीएससीला उपयोग होईल ना?" विषय आवडतो का नाही ते कुणी बोलतच नाही. म्हणून यंदा एकदाच सगळ्यांना उत्तर.

घ्या. पण नुसतं एमपीएससीसाठी घेऊ नका. पॉलिटीचा, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्थेचा भाग इंजिनियरिंगवाली पोरं पण एक जाडजूड पुस्तक चारदा वाचून काढतातच, तिथं तुमच्या डिग्रीला वेगळं कोण विचारतंय. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला, त्यात राज्यशास्त्र आहे, तेवढा फायदा मान्य. बाकी जागा किती आणि पोरं किती हे पुण्यात सदाशिव पेठेत, जिथं ही पोरं अभ्यासाला राहतात, एक चक्कर मारली तरी कळतं.

मी एमएला असताना निवडणुकीनंतरच्या एका सर्व्हेला फील्डवर गेलो होतो. मतदार यादीतून आधीच निवडलेली नावं हातात, आणि त्याच माणसाला गाठायचं, तो शेतात असला तर शेतात, शेजारी कितीही हौसेनं "मला विचारा की" म्हणला तरी चालत नाही. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचंच नाही, खोटी मतपत्रिका आणि डबा पुढं करायचा, खूण करून घडी घालून टाका म्हणायचं. एका म्हातारीनं नवऱ्याला अंगणात पिटाळलं आणि मगच खूण केली. मतदार म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, वर्गात तीन वर्षं नोट्स उतरवून कळलं नव्हतं.

नंतर एका आमदारांच्या ऑफिसात काम केलं. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहिणं ही एक कलाच आहे राव. "अमुक तालुक्यात शिक्षकांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय?" असा साचा असतो, आणि प्रश्न ढिला लिहिला की खातं "हे खरे नाही", "प्रश्न उद्भवत नाही" म्हणून मोकळं होतं. मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिकामी, असं नेमकं विचारलं की मग आकडे द्यावेच लागतात. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात मागणारी), पुरवणी मागण्या (बजेटनंतर मागितलेला जादा पैसा) हे सगळं वाचू शकणारी माणसं खरंच कमी आहेत, आणि हे काम आपल्या विषयाचंच आहे की!

पण गंमत बघा, खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप असो नाहीतर २०१५ ला सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप, दोन्हीकडं कुठल्याही शाखेची डिग्री चालते, त्यामुळं तिथं इंजिनियर आणि लॉवाले पण रांगेत असतात. आपल्या पोरांना प्लेटो पाठ असतो पण एक्सेल उघडता येत नाही. यात पोरांपेक्षा कॉलेजांचा दोष जास्त, कलम पाठ करून घेतात पण एखाद्या ग्रामसभेला पोरांना नेऊन बसवत नाहीत.

प्राध्यापक व्हायचंय त्यांनी नेट-सेट या पात्रता परीक्षा जरूर करा, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर, वर्षानुवर्षं काढलेली माणसं आजूबाजूला आहेत, आधी त्यांच्याशी बोला. पत्रकारिता, वकिली, पक्षांच्या वॉररूम (प्रचाराचं नियोजन करणाऱ्या टीम), संस्थांमधलं संशोधन, ही दारं उघडी आहेत, फक्त लिहिता आणि आकडे वाचता आले पाहिजेत. म्हणून मायनरला, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाला, अर्थशास्त्र किंवा स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

आणि ॲडमिशन होईपर्यंत रिकामे असाल तर एक करा, आपल्या गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर शोधा, पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामावरच खर्चायचा) निधी पाणी आणि स्वच्छतेवर खरंच लागला का ते बघा, कागद अपुरे वाटले तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तर आलं की मला पाठवा, कसं वाचायचं ते सांगतो.