कळीचा मुद्दा

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५. तारीख इतकी पक्की लक्षात राहिली ती सोसायटीच्या उपविधींमुळे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस सभासदांना पुरे चौदा दिवस आधी द्यायची, असा दंडक आहे. सभा ठरली होती रविवारी, २८ ला. मधले चौदा दिवस मोजले की १३ तारखेला नोटीस दारोदार पोचलीच पाहिजे. मी बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं, शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ऑडिटर काकांनी आदल्या दिवशी फोनवर मोजून दाखवलं. मी सेक्रेटरी. नोटीस, मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, सगळं कॉम्प्युटरमध्ये तयार होतं. फक्त प्रिंट मारायची होती.

सकाळी सव्वानऊला चहा घेऊन बसलो आणि मशीन चालू केलं. नेहमीसारखं गुरगुरलं, लोगो आला, माझं नाव आलं, नावाखाली पासवर्डची पांढरी चौकट आली. पासवर्ड टाइप केला. चौकटीत एकही ठिपका नाही. पुन्हा केला, जरा जोरात. नाही. माउस हलवला, तर बाण पडद्याच्या मधोमध गाडलेल्या खुंटासारखा. कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र ९:१७ चे ९:१८ झाले. म्हणजे जीव होता. खिडकीपलीकडे बसलेला कारकून कसा डोळे उघडे ठेवून आपल्याकडे बघतो, त्याचं पेनही चालू असतं, पण त्याच्या लेखी आपण आलेलोच नसतो, तसं.

आमच्या मशीनची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ते म्हातारं आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि ११ साठी लागणारी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीज आमच्या बोर्डावर नाही, असं कळल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं. "मामा, फुकट आहे, हलकं आहे, आणि व्हायरसची कटकट नाही," म्हणाला. यातलं काहीही खोटं नव्हतं. चार महिने मशीन तरुणासारखं पळालं. इतकं की मी बिल्डिंगमध्ये लिनक्सवर प्रवचनं द्यायला लागलो होतो. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हे केवळ हौस म्हणून सुरू केलं, हे मी लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या अवधीत सांगू शकत असे. तळमजल्यापर्यंत लिफ्टमध्ये कोणी उरत नसे.

पहिला संशय बॅटरीवर. माउस बिनवायरचा आहे. उलटा केला, तर पोटाखाली लाल दिवा लागलेला. तरी टीव्हीच्या रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून घातल्या. फरक शून्य. आई हॉलमधून ओरडली, "रिमोट चालत नाही रे!" आता घरात दोन गोष्टी चालत नव्हत्या. मग पोर्ट बदलले. पुढचे मागे, मागचे पुढे. कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून तीळ, शंकरपाळ्याचा एक कोपरा आणि मांजराचे केस पडले. आमच्याकडे मांजर नाही.

"नवा आण सरळ," बायको म्हणाली. "सहाशे-सातशे रुपयांत जोडी येते."

"पितृपक्ष चालू आहे," आई म्हणाली. "नवी वस्तू घ्यायची नाही."

पितृपक्षात माउस चालतो की नाही यावर दोघींची चर्चा सुरू झाली आणि मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. तिथे गोल पिनेचा एक जुना कीबोर्ड होता. मशीनच्या मागे अजून ती दोन गोल भोकं आहेत, जांभळं कीबोर्डाला, हिरवं माउसला. मशीन बंद करून पिन जांभळ्यात बसवली, कारण ही जात चालू मशीनला लावायची नसते. चालू केलं. पडद्यावर तेच नाव, तीच चौकट, तोच लुकलुकता कर्सर. दोन कीबोर्ड आणि एक माउस एकाच सकाळी मरत नसतात, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणूस माळ्यावरून धूळ खाऊन उतरला की त्याची विचारशक्ती आणखी थोडा वेळ माळ्यावरच राहते.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो बंगळुरूला असतो आणि शनिवारी साडेदहाला त्याची पहाट होते.

"मामा, टर्मिनल उघड. आज्ञा टाइप करायची खिडकी ती."

"कशाने?"

"कंट्रोल-ऑल्ट-टी."

"अरे, कीबोर्ड चालत नाही म्हणून तर फोन केलाय."

"मग माउसने मेनूत जा."

मी काही बोललो नाही. पलीकडे जांभई पूर्ण झाली.

"सॉरी. बरं, पडद्यावरचा कीबोर्ड असतो बघ, वरच्या कोपऱ्यात माणसाचं चित्र आहे, त्यावर क्लिक..."

"क्लिक."

"हो, सॉरी. मग फोनवरून एसएसएच कर. म्हणजे मोबाइलवरूनच मशीनच्या आत शिरायचं. तू एसएसएच सर्व्हर टाकला होतास ना? तो आपोआप येत नाही, मुद्दाम टाकावा लागतो."

"नाही. टाकतो. कसा टाकू?"

"टर्मिनल उघड..."

कुलूप उघडायची किल्ली आतल्या खुंटीला टांगलेली असणं म्हणजे काय, ते त्या अर्ध्या तासात समजलं. जुन्या मशीन्स सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही तर 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा' अशा अर्थाचा मजकूर दाखवायच्या. त्याला मी तरुणपणी हसलो होतो. ते हसणं कुठेतरी व्याजाने लावलेलं होतं.

कळफलक हा शब्द आपण बोलताना वापरत नाही, पण वापरायला हवा असं मला त्या दिवसापासून वाटतं. कळ म्हणजे बटण, कळ म्हणजे दुखणं आणि कळ म्हणजे कोणीतरी लावलेली. आमच्या फळ्यावर तिन्ही होत्या. तिसरी कोणी लावली, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

भाचा आता पुरता जागा झाला. "मामा, कॅप्स लॉकचा दिवा लागतो का?" नाही लागत. "कंट्रोल-ऑल्ट-एफ-३?" ढिम्म. "ठीक. आता ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून ठेव, आणि एकेक कळ दाबत जा, मध्ये दोन-तीन सेकंद थांबून. आर, ई, आय, एस, यू, बी."

मला हे भूत उतरवण्याच्या मंत्रासारखं वाटलं, पण दाबलं. आर... ई... आय... काही नाही. एस... यू... बायको दारात उभी राहून बघत होती. डाव्या हाताच्या दोन बोटांनी मी दोन टोकं दाबून धरलेली, उजवी तर्जनी हवेत, आणि फोन खांद्यात. बी. पडदा काळा झाला आणि मशीन नव्याने सुरू झालं.

"झालं रीस्टार्ट!" मी किंचाळलो.

"मग तुझा कीबोर्ड ठणठणीत आहे," भाचा म्हणाला. "कर्नलला ऐकू जातंय. वरचा माणूस ऐकत नाहीये."

हा कर्नल फौजेतला नव्हे. लिनक्सचा गाभा तो. कळ दाबल्यावर बातमी आधी त्याच्याकडे जाते. तो ती वर पाठवतो, पडद्याचा कारभार बघणाऱ्या एक्सऑर्गकडे. पण एक्सऑर्गला ती बातमी समजायला मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याचं नाव लिबइनपुट. दुभाष्या जागेवर नसेल तर कर्नल खालून हाका मारत राहतो आणि वरचे साहेब खिडकीबाहेर बघत बसतात. ऑल्ट-प्रिंटस्क्रीनची विद्या मात्र थेट कर्नलच्या कानात जाते, साहेबांना वळसा घालून. (सहातल्या शेवटच्या तीनच कळा आमच्याकडे चालतात, हे मागाहून कळलं. कुठली चालू द्यायची त्याचा एक आकडा असतो, आमच्याकडे १७६. म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६. बाकीच्या तीन मी निव्वळ श्रद्धेने दाबल्या.)

आता खरी शस्त्रक्रिया. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे ग्रब नावाचा मेनू येतो. तिथे बाणाच्या कळा चालल्या! लिनक्स अजून उठलेलाच नसल्याने तिथे कीबोर्ड बायोस, म्हणजे बोर्डावरचाच मूळ प्रोग्रॅम, सांभाळतो. वर-खाली, वर-खाली, मी उगीचच चार वेळा पट्टी नाचवली. मग रिकव्हरी मोड, म्हणजे दुरुस्तीची खोली. पण दुभाष्या परत आणायचा तर इंटरनेट हवं, आणि या मोडमध्ये वायफायच्या नादी लागू नकोस, सरळ वायर लाव, असं भाच्याने बजावलं.

राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या डोक्यावर. वायर दीड मीटरची. म्हणून कॅबिनेट उचलून टीव्हीच्या टेबलावर आणलं. मॉनिटर कुठे ठेवणार? त्याची केबल टीव्हीलाच लावली. आईची मालिका ऐन कुंकवाच्या प्रसंगातून नाहीशी झाली आणि तिच्या जागी त्रेचाळीस इंची काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

"हे काय भरभर चाललंय?" आईने चष्मा लावला.

"दुरुस्ती."

"किती वेळ?"

"बारापर्यंत."

"मग ती कोणाला कुंकू लावते ते मला कसं कळणार?" याचं उत्तर लिनक्सकडे नव्हतं.

मेनूतून आधी नेटवर्क, मग रूट. रूट म्हणजे या राज्यातला सार्वभौम राजा, ज्याला कोणी 'नक्की का?' विचारत नाही. भाच्याने एक्सऑर्गची नोंदवही उघडायला लावली. त्यात कीबोर्डाच्या आणि माउसच्या नावाखाली एकच तक्रार पुन्हापुन्हा: लिबइनपुट हे मॉड्यूल अस्तित्वात नाही. म्हणजे दुभाष्या रजेवर नव्हता, त्याला कामावरूनच काढलं होतं.

"पण काढलं कोणी?" मी संतापून विचारलं. "आपोआप कसं जाईल? हे अपडेटचंच काम!"

"त्याची पण वही असते," भाचा म्हणाला. "व्हार, लॉग, एपीटी, हिस्टरी."

ती वही उघडली. पोलिसांचा पंचनामाही इतका नेटका नसतो. सुरुवात: १२ सप्टेंबर, रात्री १०:४२. दिलेली आज्ञा: अमुक. आज्ञा देणारा: माझं नाव. नावापुढे कंसात १०००, हा माझा या मशीनमधला नंबर. आणि काढलेल्या पॅकेजांच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांच्या, यादीत, मधोमध, लिबइनपुट. हे सगळं त्रेचाळीस इंची टीव्हीवर, घरातल्या सगळ्यांसमोर.

मग आठवलं. शुक्रवारी रात्री मी अपडेट लावलं होतं आणि ते अर्ध्यात असताना वीज गेली. आल्यावर बघतो तर मशीन चालू झालं, पण अर्धवट राहिलेल्या कामाची कुरकुर करत होतं. ती निस्तरायची आज्ञा मी दिली, तेव्हा त्याने भली लांब यादी दाखवली. खालील पॅकेजेस काढली जातील, पुढे जायचं का, वाय की एन? हे 'काढली जातील' त्याने ठळक मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. यादी लांब होती, झोप आली होती. मी वाय दाबला. दुभाष्या तेव्हाच गेला, पण त्या वेळी तो मेमरीत आधीच चढलेला असल्याने लगेच काही बिघडलं नाही. घर सोडायची नोटीस मिळालेल्या भाडेकरूसारखा तो थोडा वेळ राहिला. मशीन बंद केलं, तेव्हा गेला.

म्हणजे त्या कीबोर्डाने माझी ऐकलेली शेवटची महत्त्वाची कळ वाय होती, आणि ती स्वतःच्याच हकालपट्टीवरची सही होती.

"वाचलं नव्हतंस का रे?" बायकोने विचारलं. ती कॉलेजपासूनची, त्यामुळे अरे-तुरे करते. एरवी आवडतं.

पुढचं दोन मिनिटांत झालं. एक आज्ञा, एक पॅकेज, रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या 'शुभ सकाळ'पेक्षा वजनाने हलकं. पुढे जायचं का, वाय की एन? या वेळी मी यादी वाचली. मोठ्याने वाचली. आईने दोन नावं पुन्हा म्हणायला लावली. मग वाय.

रीस्टार्ट. चौकट. पासवर्डाचे ठिपके टपटप पडले, पहिल्या पावसासारखे. बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी हॉलमध्येच फाइल उघडली आणि आनंदाच्या भरात टाइप करत सुटलो. मग प्रिंट. ऑडिटर काकांनी नोटीस हातात घेतली, दारातच उभ्याने दिवस मोजले आणि मान डोलावली. आईला मालिका दुपारच्या पुनःप्रक्षेपणात मिळाली. तिने कुंकू सासूला लावलं.

२८ तारखेला गच्चीवर सभा झाली. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी कागद उचलून वाचायला लागणार, एवढ्यात तीनचार जण एका सुरात म्हणाले, "घरी पोचलंय, वाचलंय सगळ्यांनी, पुढे चला!" ऑडिटर काका सूचक, दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम अनुमोदक. एकमताने मंजूर. मी तसं लिहून घेतलं आणि अध्यक्षांनी सही केली.

रात्री ते इतिवृत्त वहीत चिकटवायला घेतलं तेव्हा माझी नजर गेली. ठराव क्रमांक ४, गच्चीवरील पाण्याची टाकी वर्षातून दोनदा साफ करून घेणे. ठराव क्रमांक ५, दुचाकींच्या पार्किंगचे पट्टे नव्याने आखणे. आणि दोन्हींच्या मध्ये, स्वतंत्र ओळीत: "ककककक चालतंय रे बाबा चालतंय."