योग्य ती कार्यवाही करते

एआय एजंटाच्या, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती टूल (एखादं काम करून देणारा कोडचा तुकडा) द्यायचं म्हटलं की काही हौशी मंडळी लगेच त्याचं वर्णन लिहायला बसतात. टूल काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, परत काय मिळतं. चांगली तीन-चार वाक्यं! तुम्ही या फंदात पडू नका. टूलचा कोड तुम्ही लिहिलाय, तो काय करतो हे तुम्हाला पाठ आहे. मग सांगायचं कोणाला?

कोणीतरी शहाणा म्हणेल, एजंटाचा मेंदू असलेल्या मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला भरून द्यायचे रकाने) एवढ्यावरच त्याला काम भागवावं लागतं. बरोबर आहे. पण नवीन लागलेल्या कारकुनाला तरी आपण कुठे काय सांगतो? तो निदान शेजारच्या टेबलावर विचारून येतो. एजंट विचारतही नाही, थेट करून मोकळा होतो. असा माणूस तुम्हाला पूर्वी मिळाला होता का?

वर्णनाचा नमुना आपल्या कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. 'दस्तऐवजावर योग्य ती कार्यवाही करते.' काढा यात चूक. दस्तऐवज इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या सूचीत घातला, योग्य. उडवला, तरी योग्यच.

नावांचंही तसंच. 'प्रक्रिया' हे टूल असेल तर पुढचं 'प्रक्रिया_नवीन', मग 'प्रक्रिया_अंतिम', मग 'प्रक्रिया_अंतिम_हीच_वापरा'. चारही चालू ठेवा, चौघांना वर्णन एकच द्या. वापरली न वापरली तरी सगळ्यांची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात, जागा अडवून बसतात. बसू देत, आपल्याकडे जागा अडवून बसलेल्यांना उठवायची पद्धत नाही.

खरी कला दिसते ती इंडेक्समध्ये कागद घालणाऱ्या टूलमध्ये. तोच कागद दुसऱ्यांदा आला तर जुन्याच्या जागी बसतो की शेजारी दुसरी प्रत होते, याबद्दल चकार शब्द काढू नका. टूलकडून वेळेत उत्तर आलं नाही, की एजंट बिचारा प्रामाणिकपणे पुन्हा प्रयत्न करतो. मग पुन्हा. आता शोध घेतला की पहिले चारही निकाल एकाच परिपत्रकाचे, आणि हवा असलेला आदेश सहाव्या क्रमांकावर. एजंट पाचच निकाल वाचतो. तुम्हीच मर्यादा पाच ठेवली होती. तीही वर्णनात लिहिलेली नाही, हे सांगायला नकोच.

'ताजं_करा' हे टूल आधी अख्खा इंडेक्स रिकामा करतं, ही गोष्ट तर घरातल्या गुपितासारखी जपा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने जो मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंट आणि टूल जोडायची ठरलेली पद्धत, आणला, त्यात टूल काही नष्ट करतं का हे कळवायची वेगळी सोय आहे. आणि काहीच कळवलं नाही तर नष्ट करतं असंच धरून चालावं, म्हणे. किती हा संशयी स्वभाव! तुम्ही सगळीकडे 'नाही' भरून टाका. परवानगी मागणाऱ्या खिडक्याही कमी उघडतील.

तारखेच्या रकान्यापुढे फक्त 'तारीख' लिहा. ०३/०४/२०२४ म्हणजे तीन एप्रिल, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. मॉडेलने अमेरिकेतलं वाचन जास्त केलं असेल आणि त्याला चार मार्च वाटला, तर तो त्याच्या संस्कारांचा दोष.

मराठी कागदांसाठी दोनच शब्द पुरे: 'मराठी चालतं'. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली पीडीएफ पडद्यावर सुरेख मराठी दिसते. मजकूर बाहेर काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ होते. टूल ती युनिकोडमध्ये बदलून घेतं का, स्कॅन केलेल्या पानातून अक्षरं ओळखतं का, हे लिहू नका. भेळ इंडेक्समध्ये गेली की 'यशस्वी' असं उत्तर द्या. शोधाच्या टूलचंही वर्णन 'दस्तऐवज शोधते' एवढंच. शब्द जसाच्या तसा जुळवतं की अर्थाने शोधतं, हे कळलं असतं तर एजंटाने 'सातबारा', 'सात-बारा' आणि '७/१२' असं तीनदा शोधून पाहिलं असतं. उगाच सर्व्हरला त्रास.

काही बिघडलंच तर 'त्रुटी आढळली' एवढंच कळवा. कोणती, कुठे, पुढे काय करावं, हे सांगितलं की एजंट स्वतःच दुरुस्ती करून घेतो, आणि आपला मान राहत नाही.

आता निवांत झोपा. सकाळी साहेब एजंटाला विचारतील, काल आलेलं एक परिपत्रक घालायला सांगितलं होतं, तर बाकीचे कागद गेले कुठे? त्याचं उत्तर तयार असेल, अगदी तुमच्याच भाषेत: 'सर्व दस्तऐवजांवर योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.'