गालिएनी : पॅरिसचा तारणहार आणि मादागास्करचा गव्हर्नर

सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या उंबरठ्याशी आले असताना सुमारे ६०० टॅक्सींतून सैनिक मार्न नदीच्या आघाडीवर धाडणारा लष्करी गव्हर्नर म्हणून जोसेफ गालिएनी सर्वांना ठाऊक असतो. मला मात्र वाटते की या माणसाची पारख १८९६ च्या अंतानानारिवोत, म्हणजे मादागास्करच्या राजधानीत, करायला हवी.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात कैद झालेला हा तरुण अधिकारी पुढे सेनेगल, फ्रेंच सुदान (आजचा माली) आणि टोंकिन (उत्तर व्हिएतनाम) येथे घडला. ऑगस्ट १८९६ मध्ये फ्रान्सने मादागास्कर खालसा केले, तेव्हा तांबड्या मातीने माखलेली उपरणी पांघरणाऱ्या मेनालाम्बांचा उठाव राजधानीभोवती पेटला होता. गालिएनीने सप्टेंबरअखेर कारभार हाती घेतला आणि तीन आठवड्यांच्या आत, १५ ऑक्टोबरला, गृहमंत्री राइनांद्रियामांपांद्री आणि राणीचे नातलग राजपुत्र रात्सिमामांगा यांना घाईघाईच्या लष्करी खटल्यानंतर गोळ्या घालण्यात आल्या. राइनांद्रियामांपांद्री यांनी फ्रान्सशी १८८३ मध्ये झालेल्या युद्धात तामाताव्ह या बंदराच्या आघाडीवर फ्रेंचांना रोखून धरले होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा इतका तकलादू होता की या शिक्षेला न्याय म्हणणे मला शक्य नाही. दरबाराला धडकी भरवण्यासाठी दोन मोठी माणसे निवडली गेली, असेच मी म्हणेन. फेब्रुवारी १८९७ मध्ये राजेशाही संपवण्यात आली आणि राणी रानावालोना तिसरी हिला आधी रेयुनियों बेटावर व नंतर अल्जिअर्सला पाठवण्यात आले. ती १९१७ मध्ये परमुलुखातच वारली.

गालिएनीने शाळा काढल्या, रस्ते बांधले, लोहमार्गाचे काम सुरू केले, १९०२ मध्ये मालागासी अकादमी स्थापली, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते रस्ते सक्तीच्या मजुरीतून झाले आणि डोईपट्टी भरण्यासाठी शेतकऱ्याला मजुरी शोधत फिरावे लागले. राणीच्या मेरिना जमातीचे वर्चस्व मोडण्यासाठी इतर जमातींना वेगळे उभे करण्याच्या धोरणाला तो ‘वंशांचे राजकारण’ म्हणे. आपल्याकडे त्याला ‘फोडा आणि झोडा’ म्हणतात.

फ्रान्सने त्याला मृत्यूनंतर, १९२१ मध्ये, मार्शल केले. पॅरिसमधील त्याच्या पुतळ्याला चार स्त्री-आकृतींनी खांद्यावर पेलले आहे. त्यांतली एक पॅरिस आहे, आणि एक मादागास्कर.